दोन आर कुठून आले?

पाच एकरांचा एक गट घ्या. चार भाऊ, प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा एकर, म्हणजे पन्नास गुंठे. एकर-गुंठ्यांत हिशेब चोख बसतो: चार वेळा पन्नास म्हणजे दोनशे गुंठे आणि दोनशे गुंठ्यांचे पाच एकर. आता हाच गट हेक्टर-आरमध्ये लिहायला घ्या. पाच एकरांचे होतात २०२.३४ आर, जुन्या अनेक नोंदींप्रमाणे पूर्ण आरमध्ये लिहिले की २ हेक्टर २ आर. एका भावाच्या पन्नास गुंठ्यांचे होतात ५०.५९ आर, म्हणजे जवळच्या आकड्यावर आणले की ५१. चौघांचे मिळून २०४. गटाचे मात्र २०२. जमीन तसूभरही हललेली नाही, बांधही जागच्या जागी आहे, पण कागदावर दोन आर जास्तीचे उगवले आहेत.

हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर असे दोन आर वर्षानुवर्षे सुखाने नांदत. गटाचे एकूण क्षेत्र एका जागी, खातेदारांची क्षेत्रे दुसऱ्या जागी. दोन्हींची बेरीज ताडून पाहायचे कारण सहसा पडत नसे. मग दप्तर संगणकात गेले आणि यंत्राने पहिली गोष्ट कोणती केली, तर बेरीज.

महाराष्ट्रात सुमारे ४४ हजार गावे आणि अडीच कोटींच्या आसपास सातबारे आहेत. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाची, नमुना बारा सांगतो तिच्यात काय पिकले. मालकीत बदल झाला की त्याची नोंद आधी नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत पडते आणि मंजूर झाल्यावर तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो. कर्ज, खरेदी, वाटणी, पीकविमा, भूसंपादनाचा मोबदला, कोर्टातला दावा, सगळीकडे हाच कागद पुढे करावा लागतो. त्यामुळे सरकारी कारभाराचे डिजिटल रूपांतर म्हणजे नेमके काय, हे पाहायला सातबाऱ्याइतके चांगले ठिकाण राज्यात दुसरे नाही. २००८मध्ये केंद्राने भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, पुढे राज्यात ई-फेरफार प्रणाली आली आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा लोकांसाठी खुला झाला. बातमीत एवढेच येते. खरे काम त्याच्या आधी झाले, आणि ते तलाठी सजाच्या टेबलावर झाले.

त्या टेबलावर एका बाजूला स्क्रीन आणि दुसऱ्या बाजूला लाल कापडात बांधलेला दप्तराचा रुमाल असे. गाठ सोडली की पिवळ्या, कडा झिजलेल्या वह्या निघत. हस्तलिखित सातबाऱ्यावर एखाद्याचा हक्क संपला की त्याचे नाव खोडत नसत, त्याला कंस करत. शेजारी फेरफाराचा क्रमांक असे. दप्तरात रुळलेला माणूस कंसातले नाव वाचतच नाही, त्याची नजर आपोआप पुढे सरकते. पण टंकणाऱ्याने ते गाव पाहिलेले असेलच असे नव्हते. शाई उडालेली, कंसाचा एक हात पुसलेला. त्याने दिसले ते नाव टंकले आणि तीस वर्षांपूर्वी जमीन विकून गेलेला माणूस पडद्यावर पुन्हा मालक झाला. कुठे फिटलेला सोसायटीचा बोजा इतर हक्कांच्या रकान्यात परत आला, कुठे पोटखराबा लागवडीच्या क्षेत्रात मिसळला, कुठे सामाईक खाते फुटून दोनदा पडले. कागदावरची चूक एका वहीत राहत असे. पडद्यावरची चूक पुढे ज्या ज्या प्रणालीला हा डेटा लागेल तिथे सोबत जाते.

अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला असतो: चूक कोणाची? नोटिसा निघतात, खुलासे मागवले जातात. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या शास्त्राने हा प्रश्न फार पूर्वीच बदलून ठेवला आहे. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५०मध्ये जपानी अभियंत्यांना आणि कारखानदारांना व्याख्याने दिली, तेव्हा त्यांचा भर यावरच होता. काही दोष एखाद्या माणसाच्या किंवा प्रसंगाच्या खास कारणाने होतात. बहुतेक दोष मात्र कामाची पद्धतच तयार करते आणि ती पद्धत बदलणे हे वरच्यांचे काम असते. पुढे आपल्या परिसंवादांत ते एक प्रयोग करून दाखवत. पेटीत चार हजार मणी, त्यांतले आठशे लाल. पन्नास खळग्यांचे फावडे पेटीत बुडवायचे आणि फक्त पांढरे मणी काढायचे. कामगार जीव तोडून प्रयत्न करतात, लाल मणी येतच राहतात. मग कमी लाल काढणाऱ्याचे कौतुक, जास्त काढणाऱ्याची खरडपट्टी. पेटीत लाल मणी कोणी घातले, हे मात्र कोणी विचारत नाही.

वरचे दोन आर हे अगदी असेच लाल मणी आहेत. ना तलाठ्याने लबाडी केली, ना भावांनी, ना टंकणाऱ्याने. एकरातून आरमध्ये जाताना आकडा कुठे आणि कसा पूर्ण करायचा, याची रीतच अशी होती की ती हे दोन आर जन्माला घालणारच. चौरस मीटरपर्यंत बारकाईने लिहिले तरी चार भावांची बेरीज गटापेक्षा दोन चौरस मीटर जास्त येते. अशा चुकीवर कारणे दाखवा नोटीस काढून काय मिळणार? उलट एक तोटा नक्की होतो. माणसे चूक दाखवायची थांबतात आणि आकडा कसाबसा जुळवून मोकळी होतात. माहितीचा दर्जा सर्वांत जास्त बिघडतो तो या जुळवाजुळवीने, आणि ती बाहेरून ओळखूही येत नाही.

म्हणूनच या कामातला २०१७च्या चावडी वाचनाचा टप्पा मोलाचा वाटतो. संगणकातले सातबारे गावात मोठ्याने वाचून दाखवायचे, चूक असेल तर खातेदाराने सांगायचे, मूळ हस्तलिखिताशी ताडून दुरुस्ती करायची. यात तंत्रज्ञान काहीच नाही, चावडीवर बसून वाचायची रीत जुनीच आहे. पण ज्याची जमीन त्याच्या कानावर नोंद घालणे, यापेक्षा अचूक तपासणी कोणती? बाहेरच्या माणसाला ‘रामा गणू’ आणि ‘रामा गणपत’ ही दोन नावे वाटतील. गावाला ठाऊक असते की माणूस एकच. किंवा एकसारखे नाव असलेली माणसे दोन आहेत आणि त्यांचे आपसांत पटत नाही, हेही गावालाच ठाऊक असते.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. प्रणाली अहवाल काढू लागली: कोणत्या गटांत एकूण क्षेत्र आणि खातेदारांची बेरीज जुळत नाही, कुठे खाते आहे पण क्षेत्र नाही. असा विसंगत सातबारा दुरुस्त झाल्याशिवाय डिजिटल सहीला जात नाही. साकिची टोयोडा यांच्या स्वयंचलित मागात धागा तुटला की माग आपोआप थांबत असे, म्हणजे सदोष कापड पुढे विणलेच जात नसे. टोयोटाच्या पुढच्या सगळ्या उत्पादनपद्धतीचा हा एक खांब. सहीपाशी सातबारा अडणे हा त्याच जातीचा निर्णय आहे. खातेदाराला तो अडवणूक वाटतो, कारण त्याचे कर्ज बँकेत थांबलेले असते आणि त्याचा संताप खोटा नसतो. तरीही चुकीच्या उताऱ्यावर सही करून तो जगात सोडण्यापेक्षा थांबणेच बरे.

थांबल्यावर काय होते, तेही जवळून पाहण्यासारखे आहे. लेखनप्रमाद दुरुस्त करायला महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे कलम १५५ आहे. तहसीलदारांचा आदेश लागतो. चार भावांच्या गटात प्रत्येकाचे ५१ आर साडेपन्नास केले की बेरीज २०२ होते. अर्ध्या आराचा प्रश्न. पण तो अर्धा आर ज्याचा कमी होणार त्याच्याशी बोलावे लागते. ‘भाऊसाहेब, बांध जिथला तिथं आहे ना? मग माझंच का कमी लिहिता?’ या प्रश्नाला स्क्रीनवर उत्तर नसते. एकर-गुंठ्यांचा जुना कागद काढून, आकडेमोड पुन्हा मांडून, चौघांना एकाच वेळी दाखवावी लागते. ज्या सजात हे धीराने होते तिथे दुरुस्ती टिकते. जिथे परस्पर होते तिथे अपील उभे राहते.

जमिनीच्या नोंदींत पद्धतच फसल्याचे उदाहरण पुणे जिल्ह्याला नवे नाही. १८२०च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथे पाहणी केली. प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा ठरवायची त्याची योजना अर्थशास्त्राच्या अंगाने अतिशय पद्धतशीर होती. पण मोजणीत चुका, खालच्या पातळीवर गैरप्रकार आणि न झेपणारा सारा, यांनी शेतकरी जमिनी टाकून गेले. १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी काम नव्याने हाती घेतले, रीत सोपी केली, जमिनीचा कस पाहून आकारणी बांधली आणि १८४७च्या संयुक्त अहवालात नियम लिहून ठेवले. तीच पद्धत मुंबई इलाख्यात रुजली. दोन्ही वेळा राज्यकर्ते तेच, जमीन तीच. बदलली ती कामाची रीत.

ई-फेरफारचे खरे बळही पडद्यापेक्षा जोडणीत आहे. पूर्वी दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत व्हायचे आणि त्याची खबर तलाठ्यापर्यंत कागदाने, सवडीने पोचायची. कित्येकदा खरेदीदारच सूची क्रमांक दोनची नक्कल घेऊन खेपा घालायचा. आता दस्ताची माहिती तलाठ्याच्या स्क्रीनवर येते. नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. साखळीतला एक सांधा वेगाने हलू लागला की खोळंबा पुढच्या सांध्यावर जाऊन बसतो. इथेही तसेच झाले. एका तलाठ्याकडे दोन-दोन, तीन-तीन सजांचा कार्यभार असेल, मंडळ अधिकारी निवडणुकीच्या किंवा पंचनाम्यांच्या कामाला जुंपलेला असेल, तर सर्व्हरचा वेग दुप्पट करून नोंद लवकर मंजूर होत नाही.

आणि नकाशाचे काय? सातबारा महसूल खात्याचा, मोजणी आणि नकाशा भूमी अभिलेख खात्याचा. वाटण्या होत जातात, सातबाऱ्यावर पोटहिस्से पडत जातात, पण जागेवर मोजणी होऊन ते नकाशावर उतरतातच असे नाही. मग कागदावर काटेकोर जुळलेले २०२ आर जमिनीवर नेमके कुठून कुठपर्यंत, हे बांधावरचा दगडच सांगतो, आणि तो दगड हलवता येतो.

नोंद जिथे जन्मते तिथेच ती नीट व्हावी, यासाठी आजवरचा सर्वांत धाडसी प्रयोग म्हणजे ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. पूर्वी नमुना बारावरची पिके तलाठ्याने शेतोशेती फिरून लिहायची. प्रत्यक्षात ती चावडीत बसूनच लिहिली जातात, ही तक्रार सर्रास असे. आता शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाइलवर पीक नोंदवतो, फोटो काढतो, आणि तलाठी त्यांतल्या काही नोंदी तपासतो. कल्पना उत्तम आहे. पण डोंगरकपारीत रेंज नसते, म्हाताऱ्या खातेदाराकडे तसा फोन नसतो, मग गावातला एखादा पोरगा दहा जणांची नोंद करून देतो. अॅपच्या अडचणीमुळे नोंद राहिली तर विम्याला आणि खरेदी केंद्रावर त्रास शेतकऱ्याला. जबाबदारी त्याच्याकडे सोपवली तर साधन त्याच्या हाताला बसणारे हवे, ही मागणी रास्तच आहे.

सगळ्यांत अवघड जागा मात्र वारसांची आहे. सातबाऱ्यावर मयत खातेदारांची नावे वर्षानुवर्षे राहतात. बेरीज जुळते, डिजिटल सही होते, पंधरा रुपयांत उतारा घरबसल्या मिळतो, आणि त्यावरचा मालक हयात नसतो. २०२५मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली. गावोगाव मयत खातेदारांच्या याद्या झाल्या, वारसांकडून कागदपत्रे घेतली गेली, फेरफार झाले. साचलेले पाणी उपसायला मोहीम लागतेच. पण माणसे रोज मरतात. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत, वारसाची नोंद नमुना सहा-कमध्ये तलाठ्याकडे. दोन्ही दप्तरे बहुधा एकाच गावात, कधी एकाच इमारतीत. मृत्यूनोंद झाली की त्या माणसाच्या नावावरच्या गटांची यादी त्याच आठवड्यात तलाठ्यासमोर आपोआप आली, तर पुढच्या मोहिमेची गरज पुष्कळ कमी होईल. मृत्यू ते वारसनोंद यांत किती दिवस जातात, हा आकडा प्रत्येक सजाचा दरमहा काढता येतो. किती उतारे डाउनलोड झाले यापेक्षा तो आकडा तहसीलदारांच्या बैठकीत आधी वाचला जायला हवा, आणि तो वाढलेला दिसला तर त्या सजातल्या माणसाला दटावण्याआधी त्याच्याकडे किती गावे आहेत, मृत्यूची खबर त्याला कशी मिळते आणि वारस कागद आणायला का कचरतात, हे तिथे जाऊन विचारायला हवे.