पोस्टरवरचा अश्रू आणि त्याचा रोख

पर्यावरणविषयक पोस्टर माहितीपेक्षा भावनेवर अधिक विसंबून असते, कारण रस्त्याने जाणाऱ्याची नजर त्यावर काही क्षणच ठरते आणि तेवढ्यात आकडेवारी पोचली नाही तरी चेहरा पोचतो. भय, करुणा आणि अपराधभाव ही या माध्यमाची नेहमीची साधने होत. मात्र भावना किती तीव्रतेने जागी झाली एवढ्यावरून पोस्टरचे यश ठरवणे अपुरे आहे. त्या भावनेने दोष कोणाच्या माथी मारला आणि कोणती कृती सुचवली, हेही तपासावे लागते.

भयाच्या बाबतीत किम विट्टे यांनी 1992 मध्ये मांडलेला सिद्धान्त उपयुक्त ठरतो. त्यानुसार संकट मोठे भासले आणि त्यावरचा उपाय आपल्या आवाक्यात आहे असेही वाटले, तर माणूस कृती करतो. उपाय दिसलाच नाही, तर तो संकटाऐवजी स्वतःच्या भीतीलाच आवर घालू लागतो, म्हणजे चित्राकडे पाहणेच टाळतो. अमेरिकेच्या वनसेवेच्या मोहिमेतील ‘स्मोकी’ अस्वल 1944 च्या पहिल्याच पोस्टरवर शेकोटीवर पाणी ओतताना दाखवले होते, म्हणजे उपाय चित्रातच होता. मोहीम विलक्षण लोकप्रिय झाली. पण आग म्हणजे केवळ शत्रू हा समजही तिने दृढ केला, आणि ज्या जंगलांना अधूनमधून लागणाऱ्या सौम्य वणव्यांची गरज असते तेथेही प्रत्येक आग विझवण्याच्या धोरणामुळे वाळलेला पालापाचोळा व झुडपे दशकानुदशके साचत गेली.

अपराधभावाचे सर्वांत गाजलेले उदाहरण 1971 चे आहे. ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ या संस्थेच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत पारंपरिक वेशातील एक मूलनिवासी पुरुष होडी वल्हवत घाणीने भरलेल्या किनाऱ्याला लागतो, धावत्या मोटारीतून कोणी तरी फेकलेला कचरा त्याच्या पायाशी पडून विखुरतो आणि त्याच्या डोळ्यातून एक अश्रू ओघळतो. तोच चेहरा पोस्टरांवरही झळकला. प्रदूषण माणसेच सुरू करतात आणि तीच ते थांबवू शकतात, अशा आशयाचे घोषवाक्य त्यासोबत होते. ज्याच्या अश्रूने देश हेलावला तो अभिनेता, आयर्न आइज कोडी, प्रत्यक्षात इटालियन स्थलांतरितांचा मुलगा होता. पण ही विसंगती त्या जाहिरातीचा सर्वांत मोठा दोष नव्हे.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चियाल्डिनी यांनी दाखवलेला दोष अधिक सूक्ष्म आहे. कचरा टाकू नये असे सांगणारी ही जाहिरात, सगळेच कचरा टाकतात, हेही त्याच वेळी चित्रातून सांगत असते. लोक प्रत्यक्षात कसे वागतात याविषयीच्या अशा समजुतीला ‘वर्णनात्मक प्रमाणक’ म्हणतात आणि कसे वागावे या उपदेशापेक्षा ती अनेकदा प्रबळ ठरते. ॲरिझोनातील पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात, पूर्वीच्या अनेक पर्यटकांनी अश्मीभूत लाकूड उचलून नेल्याने वनाचे रूप पालटले, अशी हळहळ व्यक्त करणारी पाटी लावली असता, खूण करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी 7.92 टक्के चोरीला गेले. लाकूड नेऊ नका, एवढीच विनंती करणाऱ्या पाटीपाशी हे प्रमाण 1.67 टक्के होते. मोहिमा आखणाऱ्यांनी हा प्रयोग अजूनही पुरेसा मनावर घेतलेला दिसत नाही.

त्याहून गंभीर प्रश्न अश्रूच्या रोखाचा आहे. ही संस्था 1953 मध्ये स्थापन झाली ती डबे, बाटल्या आणि पेये बनवणाऱ्या उद्योगांच्या पुढाकाराने. परत घेतल्या जाणाऱ्या काचेच्या बाटल्यांऐवजी एकदा वापरून फेकण्याची वेष्टने बाजारात आणणारे तेच होते; पोस्टरवर मात्र गुन्हेगार ठरला तो खिडकीतून पिशवी फेकणारा. अपराधभाव खरा होता, म्हणूनच आपल्या वाट्याला आलेला दोष नेमका किती, हे विचारण्याची गरज बघणाऱ्याला भासली नाही. पुढे 2023 मध्ये या जाहिरातीचे हक्क अमेरिकी मूलनिवासींच्या राष्ट्रीय संघटनेकडे सोपवण्यात आले आणि तिने ती वापरातून काढून घेण्याचे ठरवले.

ज्या 1971 साली हा अश्रू घरोघरी पोचला, त्याच वर्षी ओरेगॉन राज्याने रिकामी बाटली वा डबा परत करणाऱ्याला अनामत रक्कम परत देण्याचा कायदा केला. आपल्याकडे सोड्याची बाटली दुकानदाराला परत देताना चालत असे तोच हा व्यवहार, फक्त कायद्याने बांधलेला. तो अद्याप अमलात आहे आणि 2017 मध्ये त्यातील अनामत पाच सेंटवरून दहा सेंट करण्यात आली.