रायपूर : घरात मराठी, राज्य छत्तीसगढी

छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी जन्मले. तिथली मराठी वस्ती त्याहून कितीतरी जुनी. १७५८ पासून नागपूरकर भोसले घराण्यातले बिंबाजी भोसले रतनपूरहून कारभार पाहू लागले. १८१८ मध्ये इंग्रजांनी मुख्यालय रायपूरला हलवले. पुढे १९५६ पर्यंत हा मुलूख ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूरच होती, त्यामुळे मराठी शिक्षक, वकील, कारकून येत राहिले आणि इथलेच झाले.

पत्रकार माधवराव सप्रे मातृभाषेने मराठी. पण १९०० मध्ये पेंड्र्याहून त्यांनी काढलेले ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक हिंदी होते. टिळकांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ही त्यांनी हिंदीत नेला. म्हणजे छत्तीसगढचे नाव मासिकाच्या मुखपृष्ठावर आले, तेही एका मराठी संपादकामुळे, राज्य होण्याच्या शंभर वर्षे आधी!

शेजार तर बहुरंगी. फाळणीनंतर सिंधी आले. १९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या बंगाली निर्वासितांसाठी शहराजवळच्या मानामध्ये मोठी छावणी उभी राहिली. ओडिया कुटुंबेही बरीच.

चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आजही गजबजलेले असते. सरकारी समारंभात मात्र सगळे उभे राहतात ते डॉ. नरेंद्र देव वर्मा यांच्या ‘अरपा पैरी के धार’ या छत्तीसगढी गीतासाठी; २०१९ मध्ये त्याला राज्यगीताचा मान मिळाला.