सावित्री नदीवरील दगडी कमानी पूल : रचना, ऱ्हास आणि बोध

प्रस्तावना

महाबळेश्वर येथे उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूर व महाड तालुक्यांतून वाहत बाणकोटच्या खाडीद्वारे अरबी समुद्रास मिळते. तिच्या काठावरील सव हे गाव उष्ण झऱ्यांमुळे परिचित आहे. याच परिसरात, मुंबई-गोवा मार्गावर महाडनजीक, ब्रिटिश राजवटीत १९२८ साली दगडी कमानी पूल उभारण्यात आला. प्रस्तुत लेखात त्याच्या निमित्ताने अशा पुलांची रचना व ऱ्हास यांचा विचार केला आहे.

रचना

दगड दाब उत्तम सोसतो. ताण मात्र त्यास सोसत नाही. कमानीत वरील भार पाचरीसारख्या दगडांतून दाबाच्या रूपाने खांबांकडे व तेथून पायाकडे जातो. म्हणूनच लोखंडाशिवायही असे पूल दीर्घकाळ टिकतात. तथापि खांब खचल्यास कमानीचा आधार सुटतो. लगतच्या कमानी परस्परांना रेटत असल्याने एकीच्या पतनाने दुसरीही धोक्यात येते.

ऱ्हासाची कारणे

सांध्यांतील चुना पाण्याने झिजतो. वड-पिंपळाची मुळे दगड विलग करतात. ही हानी डोळ्यांस दिसते. याहून घातक असते ती पायाची धूप. पुराचे पाणी खांबाभोवती भोवरे निर्माण करून तळ उकरते आणि पूर ओसरताच तो खळगा गाळाने भरून येतो. परिणामी उन्हाळी पाहणीत तळ शाबूत भासतो.

दुर्घटना

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात हा पूल कोसळला. एस.टी.च्या दोन बसगाड्या व एक मोटार वाहून गेली. सुमारे ४० जणांचा बळी गेला. शेजारी नवा पूल असूनही मुंबईकडे जाणारी वाहतूक जुन्या पुलावरूनच चालू होती. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरविण्यात आला होता. शासनाने न्यायालयीन चौकशी नेमली. पर्यायी पूल ५ जून २०१७ रोजी खुला झाला.

निष्कर्ष

पुलाचे वय हा एकमेव निकष ठरू शकत नाही. पाण्याखालील पायाची तपासणी, पुरानंतर तळाच्या खोलीची मोजणी आणि धोक्याची पातळी गाठताच वाहतूक थांबविण्याची निश्चित व्यवस्था या तीन बाबी अनिवार्य ठरतात. केवळ वरून केलेली पाहणी दगडी पुलाच्या सुरक्षिततेची हमी देऊ शकत नाही, हाच सावित्रीवरील पुलाचा बोध होय.