मुलांचें लंगडणें आणि आमची बेफिकिरी

तुरीचा भाव एका दिवसांत उतरला, तर आमच्या आडतबाजारांतील व्यापाऱ्यास रात्रभर झोंप येत नाहीं. परंतु त्याच्याच घरांतील चार वर्षांचें मूल तापानें फणफणत असून पाय जमिनीला टेकीत नाहीं, ही गोष्ट मात्र ‘कोठें तरी पडलें असेल, चोळलें म्हणजे उतरेल’ एवढ्यावर भागविली जाते. नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील शिकलेलीं घरेंही या बेफिकिरींतून सुटलेलीं नाहींत, म्हणून या विषयाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधीत आहों.

हा रोग म्हणजे हाडांत किंवा सांध्यांत पू होणें होय. बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस नांवाचे जंतु त्यास कारण असतात. एखाद्या फोडांतून, खरजेच्या जखमेंतून, कित्येकदां तर दिसेल अशी वाट नसतांही ते रक्तांत शिरतात. लांब हाडाच्या वाढत्या टोंकाशीं रक्ताचा प्रवाह मंद असतो. तेथें ते ठाण मांडतात. आंत कोंडलेल्या पुवाच्या दाबानें हाडाचा रक्तपुरवठा तुटतो, हाडाचा तुकडा मरतो, आणि वर्षानुवर्षें वाहणारी जखम मागें उरते. खुब्याची गोष्ट याहून कठीण. तेथें हाडाचा तो भाग सांध्याच्या पिशवींतच असल्यामुळें पू थेट सांध्यांत फुटतो व कुर्चा थोड्याच दिवसांत नासते. मूल वांचलें तरी जन्मभर लंगडतें.

लंडनच्या टॉमस स्मिथ या शस्त्रवैद्यानें १८७४ सालीं तान्ह्या मुलांच्या या सांधेरोगाचें वर्णन केलें, तेव्हां जंतुनाशक औषध हातीं नव्हतें. आज ती सबब उरलेली नाहीं. पिंपरीच्या सरकारी कारखान्यांत १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊं लागलें. पुढें त्याहून प्रभावी औषधें आलीं. नांदेडजवळ विष्णुपुरीस डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नांवाचें, व लातुरास विलासराव देशमुख यांच्या नांवाचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गरिबांच्या उपचारखर्चासाठीं सरकारनें २०१२ सालीं जी योजना आरंभिली, तिच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होता. मग उणें कशाचें आहे? वेळेचें!

प्रथम घरीं तेल चोळावयाचें, मग बिब्बा किंवा डाग द्यावयाचा, मग हाड बसविणाऱ्याकडून पाय ओढून घ्यावयाचा, मग दुकानांतून दोन दिवसांच्या गोळ्या आणावयाच्या. अशा रीतीनें आठवडा जातो. अर्धवट औषधानें ताप दबतो, पू मात्र आंत राहतो. क्ष-किरणांचें चित्र काढलें तरी पहिल्या आठवड्यांत तें निर्दोष दिसूं शकतें, व त्या आधारें घरचे निर्धास्त होतात. वस्तुतः रक्ताची तपासणी, खुब्याची सोनोग्राफी आणि पू असल्यास तो तांतडीनें काढणें हाच मार्ग होय. वेळेवर आलेलें साधें दुखणें तीन-चार आठवड्यांच्या औषधानें बरें होतें.

‘आम्हांस हें परवडत नाहीं’ असें हमाल म्हणेल, तर त्याचें म्हणणें खोटें नव्हे. किनवट-माहूरहून नांदेडास येणें म्हणजे मजुरी बुडणें. त्यांतून त्या भागांतील आदिवासींत सिकलसेलचा आजार आहे, व तशा मुलांच्या हाडांत जंतु लवकर शिरतात. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभीं नांदेडच्या शासकीय रुग्णालयांत २४ तासांत २४ रुग्ण दगावले; त्यांत १२ नवजात अर्भकें होतीं. त्या मृत्यूंचीं कारणें निरनिराळीं होतीं; तथापि पुष्कळ रुग्ण अत्यवस्थ स्थितींत आणले गेले, असें अधिकाऱ्यांनीं सांगितलें. सरकारनें मनुष्यबळ व औषधें पुरविलींच पाहिजेत. पण उशिराचा दोष एकट्या सरकारच्या माथीं मारून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं.

तेव्हां नियम एकच ठेवावा: ताप आणि हात किंवा पाय न हलविणें हीं दोन लक्षणें एकत्र दिसतांच, न चोळतां, त्याच दिवशीं मूल रुग्णालयांत न्यावें. तान्ह्या मुलास ताप नसेलही. लंगोट बदलतांना तें किंचाळलें व एक पाय निश्चल ठेवूं लागलें, तर तेवढी खूण पुरे. शिक्षकांनीं हा नियम पालकांस सांगावा, औषधविक्रेत्यांनीं चिठ्ठीवांचून गोळ्या देऊं नयेत, आणि व्यापाऱ्यांनीं आपल्या हमालास त्या दिवसाची मजुरी न कापतां जाऊं द्यावें. मुलांच्या गुणांसाठीं उभा महाराष्ट्र ज्या लातुराकडे पाहतो, त्या लातुरानें व त्याच्या शेजाऱ्यानें मुलांच्या पायांकडेही पाहावें, एवढेंच आमचें मागणें आहे.