जपानची जुनी शहरं, सावकाश

जपानच्या सहलीच्या जाहिराती आपण पेपरात नेहमी पाहतो. तोक्यो, फुजी पर्वत, क्योतो, ओसाका. आठ दिवस, सात रात्री, जेवण भारतीय. यात क्योतोच्या वाट्याला येतो जेमतेम एक दिवस. सकाळी किन्काकुजीचं सोनेरी मंदिर, दुपारी कियोमिझु, जाता जाता फुशिमी इनारीच्या लाल कमानी आणि रात्री मुक्कामाला ओसाका. या सहलींना मी नावं ठेवणार नाही. वयस्कर मंडळींना, परक्या भाषेची धास्ती असणाऱ्यांना त्या सोयीच्या असतात. पण क्योतो, नारा आणि कानाझावा ही शहरं ज्या गोष्टींमुळे जुनी राहिली आहेत, त्या बसच्या खिडकीतून दिसत नाहीत. मी आणि माझी धाकटी बहीण, दोघींनीच, एका डिसेंबरात या तीन शहरांत बारा दिवस काढले. बरोबर गाइड नाही, गट नाही. नियम एकच केला होता : एका दिवशी एकच पेठ, आणि तीही पायी.

आता क्योतोचंच घ्या. सम्राट काम्मूनं इ. स. ७९४ मध्ये इथं राजधानी आणली, तेव्हा चीनच्या चांगआन नगराचा नमुना समोर होता. त्यामुळे सगळं शहर बुद्धिबळाच्या पटासारखं आखलेलं. राजवाडा उत्तरेला. म्हणून आजही क्योतोत उत्तरेकडे जाणं म्हणजे 'आगारु', वर जाणं. दक्षिणेकडे जाणं म्हणजे 'सागारु', खाली उतरणं. पत्ता सांगायची तऱ्हाही यावरूनच पडली. जे दोन रस्ते एकमेकांना छेदतात त्यांची नावं जोडायची आणि पुढे म्हणायचं, तिथून वर, किंवा खाली, किंवा पूर्वेला आत. रस्त्यांची नावं ओळीनं लक्षात राहावीत म्हणून मुलांचं एक गाणंच आहे. दोन दिवस चाललं की ही पद्धत पायांत बसते, मग हातातला नकाशा पिशवीत जातो.

हे शहर उरलं कसं, हाही एक प्रश्नच आहे. १९४५ मध्ये अणुबाँबसाठी ज्या शहरांचा विचार चालला होता, त्यांत क्योतोचं नाव होतं. अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी ते काढायला लावलं. मात्र आगींनी क्योतोला अनेकदा जाळलं आहे. १८६४ च्या आगीत शहराचा मोठा भाग गेला, त्यामुळे आज उभी असलेली बहुतेक लाकडी घरं त्यानंतरची आहेत. गंमत अशी, की ज्या किन्काकुजीसमोर फोटोसाठी रांग लागते, ती इमारत १९५० मध्ये कोणी आग लावून जाळली आणि १९५५ मध्ये ती पुन्हा बांधली. गल्लीतल्या ज्या घराकडे कुणी मान वळवून पाहत नाही, ते तिच्याहून ऐंशी वर्षांनी जुनं असू शकतं.

या घरांना 'माचिया' म्हणतात. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड. तोंडाला अरुंद आणि आत खोलच खोल. क्योतोची माणसं त्याला 'ईल माशाचं अंथरूण' म्हणतात. दारातून शिरलं की डाव्या किंवा उजव्या अंगाला पार परसापर्यंत जाणारी जमिनीलगतची एक वाट असते. चुली, मोरी, विहीर सगळं या वाटेवर. तिच्यावर माळा नसतो, थेट छपरापर्यंत मोकळं. धूर वर जावा आणि वरच्या झरोक्यातून उजेड खाली यावा, यासाठी. खोल्या मात्र चौथऱ्यावर. मधे चार-पाच पावलांची एक बाग : एखादं झाड, दगडी दिवा, पाण्याचं भांडं. ही काही निव्वळ हौस नाही. क्योतो डोंगरांच्या वाटीत वसलेलं आहे, आणि उन्हाळा असा दमट की मुंबईकरालाही घाम फुटावा. दारापुढे पाणी शिंपडलं की पुढची हवा गार होते, मागची बाग सावलीत असते, आणि या फरकामुळे घरातून झुळूक वाहते. आपल्या वाड्याचा चौक आठवा. काम तेच, फक्त आकार आटवलेला.

रस्त्याकडच्या लाकडी जाळीत तर मी रमूनच गेले. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण तिथं जाळीवरून धंदा ओळखता यायचा. सूत-रेशीमवाल्याच्या जाळीच्या काही पट्ट्या वरून आखूड, कारण धाग्याचा रंग पारखायला उजेड लागतो. तांदूळवाल्याची आणि साकेवाल्याची जाळी जाडजूड. हे एकदा समजलं की पुढची गल्ली आपल्याशी बोलायला लागते. तिथं अर्धा तास कसा जातो कळत नाही, आणि अर्धा तास हाच तर गटाच्या सहलीत सगळ्यात महाग असतो.

सकाळी सातला बाहेर पडलं तर घराघरापुढे झाडलोट चालू असते. आपलं अंगण झाडायचं आणि शेजाऱ्याच्या हद्दीत थोडंसं, हातभर. जास्त झाडलं तर त्याला ओशाळल्यासारखं होतं, अजिबात नाही झाडलं तर आपण माणूसघाणे ठरतो. कोपऱ्यावर लाल लाळेरं बांधलेल्या जिझोची छोटी देवळी, तिच्यापुढे ताजी फुलं. ही व्यवस्था सरकार चालवत नाही, गल्लीच चालवते. म्हणूनच गल्लीत राहणारी माणसं कमी झाली की ती मोडते.

आणि माणसं कमी होताहेत. क्योतो शहराच्या पाहणीत २००९ च्या सुमाराला सत्तेचाळीस हजारांवर माचिया होत्या. २०१६ मध्ये त्या चाळीस हजारांच्या आसपास उरल्या. वारसा कर, डागडुजीचा खर्च, सुतारांची टंचाई, अशी कारणं. काही घरं पाडून हॉटेलं झाली, काहींचीच हॉटेलं झाली. इथं आपल्यासारख्या निवांत प्रवाशाचीही गोची आहे. 'खऱ्या माचियात राहा' हा अनुभव आपण विकत घेतो, तेव्हा एखादं बिऱ्हाड तिथून उठलेलं असतं. दुसऱ्या बाजूनं, पाहुणे मिळाले नसते तर ते घर कदाचित पडलंच असतं. याचं सरळ उत्तर मला सापडलेलं नाही. शहरानं आपल्या परीनं बांध घातला आहे : २०१८ पासून निव्वळ राहत्या वस्त्यांत घरगुती पाहुणचाराला परवानगी फक्त जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. आम्ही मालकीणबाई स्वतः राहतात अशी खाणावळवजा सराई निवडली. गिओनमध्ये गेइशांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांमुळे २०२४ पासून खासगी गल्ल्या प्रवाशांना बंद आहेत, दहा हजार येन दंडाची पाटी आहे. ती पाटी पाहून मला राग आला नाही. आपल्या जिन्यावर कुणी रोज फोटो काढायला लागलं तर आपणही पाटी लावूच.

नाराची गोष्ट वेगळी. ७१० पासून ७८४ पर्यंतची ही राजधानी, क्योतोपासून रेल्वेनं पाऊण-एक तासावर. त्यामुळे सगळे सकाळी येतात, तोदाइजीचा महाबुद्ध पाहतात, हरणांना बिस्किटं घालतात आणि संध्याकाळी परततात. तुम्ही तिथं रात्रीचं राहा. या बुद्धाशी आपलं नातंही आहे. ७५२ मध्ये मूर्तीचे डोळे रेखण्याचा मान बोधिसेन या भारतीय भिक्षूला मिळाला. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोरा बांधला होता आणि जमलेल्या लोकांनी तो धरला होता, सगळ्यांचा हात लागावा म्हणून. तो कुंचला आणि दोरा शोसोइनच्या भांडारात अजून जपलेले आहेत. संध्याकाळी गर्दी ओसरली की टेकडीवरच्या निगात्सुदोच्या सज्जात जाऊन बसावं. तो सज्जा रात्रीही खुला असतो. आणि हिवाळ्यातल्या ठरावीक सकाळी एक माणूस कुरणावर उभा राहून हॉर्नवर बेथोव्हेनच्या सहाव्या सिंफनीचे सूर वाजवतो. झाडीतून हरणं धावत सुटतात. संगीतप्रेमानं म्हणावं, तर नाही. पाठोपाठ त्यांना ओकची फळं मिळतात.

कानाझावाही युद्धातल्या बाँबफेकीतून वाचलं. माएदा सरदारांचं हे शहर. देशातला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख इथंच कुटला जातो. पाऊस इतका, की 'डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नको' अशी तिथली म्हणच आहे. डिसेंबरात सामुराईंच्या नागामाची पेठेत मातीच्या भिंतींना गवताच्या चटया बांधलेल्या असतात, बर्फानं माती फुगून ढासळू नये म्हणून. केन्रोकुएन बागेत पाइनच्या फांद्या बर्फाच्या भारानं मोडू नयेत म्हणून खांबाच्या टोकापासून दोऱ्या सोडून त्या तोलून धरतात. लांबून पाहिलं तर झाडावर छत्रीच्या काड्या उघडल्यासारख्या वाटतात. क्योतोहून इथं यायला २०२४ च्या मार्चपासून त्सुरुगाला गाडी बदलून शिनकानसेन धरावी लागते. एकूण साधारण दोन तास.

थोडं व्यवहाराचं. सात दिवसांचा रेल्वे पास २०२३ च्या ऑक्टोबरात २९,६५० येनांवरून ५०,००० येनांवर गेला, तेव्हा थोडी शहरं नि सुटी तिकिटं हेच आता स्वस्त पडतं. मोठी बॅग कुरिअरनं पुढच्या सराईत पाठवून द्यावी, ती बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते. शाकाहारी मंडळींनी 'दाशी' हा शब्द पाठ करावा. तो रस्सा बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाचा असतो, त्यामुळे भाजी दिसली तरी विचारावं; देवळांतलं 'शोजिन' जेवण मात्र निर्धास्त खावं. आणि क्योतोत राहण्यावर रात्रीचा कर असतो. मार्च २०२६ पासून तो वाढला आहे, पण दहा हजार येनांचा वरचा दर माणशी लाख येन आणि त्यावरच्या मुक्कामांना आहे. आमच्या मालकीणबाईंच्या सराईला त्या वरच्या दराची झळ लागायचं काही कारण नाही.