साकीनाक्याचा बेस

कुठल्याही बँडचा फोटो घ्या आणि मित्रांना विचारा, यातला बेस गिटारवाला कोण? गाणारा लगेच ओळखला जातो. ड्रमर लपूच शकत नाही. लीड गिटारवाल्याचे तर केसच सांगतात. उरतो तो बेसवाला! जरा मागे, जरा अंधारात, चार जाड तारांचं लांबलचक वाद्य गळ्यात घालून उभा. पण तो वाजवायचा थांबला की गाण्याच्या पायाखालची सतरंजीच कुणीतरी ओढल्यासारखं होतं. आर. डी. बर्मनच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे. ती गाणी एकदा चांगल्या हेडफोनवर ऐका, आणि फक्त खालचा आवाज पकडून बसा. लहानपणापासून पाठ असलेलं गाणं नवीन वाटेल. हल्ली मात्र बेसवाले पुढे यायला लागलेत. मोहिनी डे ही १९९६ सालची, आपल्या मुंबईची मुलगी. बेस वाजवणाऱ्या वडिलांकडे शिकली आणि ए. आर. रहमानबरोबर स्टेजवर उभी राहिली.

आम्ही त्या लीगमधले नाही. सोमवार ते शुक्रवार चांदिवलीच्या ऑफिसात एक्सेल शीट, शनिवारी जॅमरूम, आणि राहायला साकीनाक्याला भाड्याचं वन आरके. बँडमध्ये चौघंजण, चौघंही नोकरदार. आमच्यासारखे या शहरात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा बेस आत्ता या क्षणी पलंगाखाली पडलेला आहे. आवड संपली म्हणून असं होत नाही हं. तारा बोटं कापायला लागतात, कुठेतरी खरखर सुरू होते, दुरुस्तीला कुठे न्यायचं कळत नाही, आणि मग 'पुढच्या पगाराला बघू'. त्या 'बघू'त दोन-तीन वर्षं सहज जातात.

म्हणून हा सगळा प्रपंच. बेस कसा वाजवायचा हे शिकवणारे गल्लोगल्ली आहेत. तो घ्यायचा कसा आणि जिवंत ठेवायचा कसा, हे मात्र मला साकीनाक्याने शिकवलं.

रेडिओ मेकॅनिकचं वाद्य

आधी थोडी हिस्टरी. आज आपण ज्याला बेस गिटार म्हणतो, त्याचा साचा १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर नावाच्या माणसाने पक्का केला. त्या मॉडेलचं नाव प्रिसिजन बेस. गंमत म्हणजे या बुवाला गिटार वाजवता येत नव्हती! १९३८ पासून त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यामुळे त्याने वाद्य बनवलं तेही मेकॅनिकच्या डोक्याने. जुन्या उभ्या डबल बेसची मान अंगाला सरसाने चिकटवलेली असते. फेंडरने ती चार स्क्रूंनी जोडली. बिघडली? खोला, बदला, पुन्हा कसा. पिकअप, पॉट, ब्रिज, खुंट्या, सगळं एका स्क्रूड्रायव्हरच्या अंतरावर.

आता हे साकीनाक्यात राहणाऱ्याला वेगळं समजावून सांगायला नको. मेट्रोच्या जिन्यावरून उतरून खैरानी रोडला वळा. एका गाळ्यात लेथ फिरतेय, दुसऱ्यात मोटर रिवाइंडिंग, तिसऱ्यात प्लायवूड कापतायत, चौथ्यात सोल्डरिंगचा धूर. यातल्या कुणीही आयुष्यात बेस गिटार हातात घेतली नसेल. पण बेस गिटारला लागणारं प्रत्येक काम यातलं कुणी ना कुणी रोज करतंय!

घेताना

नवा घ्यायचा तर साधारण पंधरा ते पंचवीस हजारांच्या पट्ट्यात सुरुवातीचा बरा बेस मिळतो. यामाहा, आयबानेझ, कॉर्ट, स्क्वायर ही नावं तुम्हाला ऐकायला मिळतीलच. ऑनलाइन मागवण्याआधी एकदा धोबीतलावला फुर्टाडोजमध्ये जाऊन या. १८६५ पासूनचं दुकान आहे. तिथे वाद्य गळ्यात अडकवून दहा मिनिटं उभे राहा. बेसचं वजन चार किलोच्या आसपास असतं, आणि दोन तासांच्या प्रॅक्टिसनंतर ते खांद्याला आठ किलोचं वाटतं. आपली बोटं आखूड असतील तर जॅझ प्रकारची नेक बघा, वरच्या टोकाला ३८ मिलिमीटर रुंद. प्रिसिजनची त्याहून तीनेक मिलिमीटर जास्त. कागदावर तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. हातात मात्र फरक कळतो.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर पहिला बेस सेकंडहॅण्ड घ्या. फक्त बघून घ्या. सुतार फळी बघतो तसं एक डोळा मिटून ब्रिजच्या बाजूने नेकवर नजर टाका. वाकलीय का, पिळलीय का? वाकलेली सरळ करता येते. पिळलेली असेल तर 'नंतर सांगतो' म्हणून चहा पिऊन निघा. मग प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट वाजवायचा, एकही न गाळता, विकणारा कितीही कंटाळला तरी. आणि ट्रस रॉडचा नट बघायचा. हा रॉड म्हणजे नेकच्या पोटातली लोखंडी सळई. चार तारांचा मिळून पाऊणशे-ऐंशी किलोचा ताण नेकला पुढे ओढत असतो, त्याला मागून धरून ठेवायचं काम या सळईचं. तिच्या नटाचे कोपरे कुणी चुकीची चावी घालून गोल करून ठेवले असतील, तर भाव निम्मा करा किंवा सौदा सोडा.

पाचर

माझा बेस कुर्ल्याच्या एका काकांकडून आला. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रामध्ये वीसेक वर्षं वाजवून ते रिटायर झालेले. जपानी बनावट, अंगावरचं नाव पार पुसून गेलेलं, आवाज असा की पोटात घुमतो. एकच भानगड. तारा फ्रेटपासून इतक्या उंच की वरच्या पट्टीतलं वाजवताना बोटांना फोड यावेत. काकांनी स्वच्छ सांगितलं, "म्हणून तर देतोय रे स्वस्तात. माझ्या बोटांत आता तेवढा जोर नाही."

तारा खाली आणायला ब्रिजवरचे छोटे सॅडल खाली करायचे असतात. ते आधीच तळाला टेकलेले होते. नेक सरळ. म्हणजे करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शहरातल्या एका दुकानाने बघून निकाल दिला, नवी नेक टाकावी लागेल. खर्चाचा आकडा मी काकांना दिलेल्या पैशांपेक्षा मोठा होता. आणि नवी नेक म्हणजे वीस वर्षं काकांच्या तळव्याने घासून गुळगुळीत केलेलं लाकूड भंगारात. आवाज तोच राहील याची हमी कुणी देईना.

गल्लीतल्या फर्निचरच्या गाळ्यात एक मिस्त्री आहेत. संध्याकाळी त्यांच्या पाटावर बेस ठेवला आणि अडचण सांगितली. वाद्य म्हणून त्यांना त्यात काडीचा रस नव्हता. त्यांनी एक पट्टी नेकवर आडवी ठेवली, तिचं टोक ब्रिजकडे कुठे जातं ते पाहिलं, आणि म्हणाले, "दरवाजा ठीक है, कब्जा गलत है. इसको पच्चर लगेगा." म्हणजे नेक ठणठणीत, ती अंगात बसते तो कोन चुकलेला!

तारा सैल केल्या, चार स्क्रू काढले. खाचेत जुना गुळगुळीत झालेला कागदाचा तुकडा निघाला, कधीकाळी कुणीतरी हाच उपाय अर्धवट केलेला. मिस्त्रींनी कपाटांना लावतात त्या व्हिनिअरची अर्धा मिलिमीटर जाडीची पट्टी कापली आणि खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला बसवली. बस्स. अर्धा मिलिमीटर! पण खाच जेमतेम सहा-सात सेंटिमीटरची आणि तिथून ब्रिज चौतीस सेंटिमीटर दूर. त्यामुळे तिथे पोचेपर्यंत त्या अर्ध्याचे अडीच मिलिमीटर होतात. सॅडलना पुन्हा वरखाली व्हायला जागा मिळाली आणि तारा खाली आल्या. मराठीत एखाद्याने पाचर मारली की झालेलं काम बिघडतं. इथे बिघडलेलं काम झालं. मिस्त्रींनी पैसे घेतले पन्नास रुपये, तेही चहाचे म्हणून.

त्या रविवारी काकांना बोलावून बेस त्यांच्या हातात दिला. ते तासभर वाजवत बसले. जाताना म्हणाले, "आधी कळलं असतं तर विकला नसता." मी बेस त्यांच्यापुढे धरला, खरंच. त्यांनी मान हलवली, आणि तेव्हापासून महिन्यातून एकदा ते वाजवायला येतात.

आता सगळ्याच गोष्टी मिस्त्रींवर सोडू नका. फ्रेट घासून समतल करणं, नेकला गेलेला तडा, पिकअप नव्याने गुंडाळणं, ही जाणकार कारागिराची कामं. तिथे पैसे वाचवायला गेलात तर वाद्य जाईल. पण तपासून घ्यायला काय हरकत आहे? निदान 'काय बिघडलंय' आणि 'काय बदला म्हणतायत' या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, एवढं तरी कळतं.

चार महिन्यांचा पाऊस

मुंबईत बेसचा खरा दुश्मन जून महिन्यात येतो. हवेतलं पाणी लाकूड पितं, नेक थोडी हलते, आणि मे महिन्यात मस्त वाजणारा बेस जुलैत किरकिर करतो. घाबरू नका. पहिल्या फ्रेटवर तार दाबा, शेवटच्या फ्रेटवर दाबा, आणि मध्ये सातव्या-आठव्याजवळ तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघा. पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर हवी. मोजायला फीलर गेज लागतो. तो महागडा 'म्युझिशियन्स टूल' म्हणून विकत घेऊ नका. बाइकचे टॅपेट सेट करणाऱ्या कुठल्याही गॅरेजवाल्याच्या खिशात असतो, आणि हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो.

फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलटा. एका वेळी पाव फेरा. मग बेस ठेवून द्यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. लाकडाला घाई चालत नाही. जोर लावावा लागतोय असं वाटलं की तिथेच थांबायचं. आणि चावी! काही बेसना मिलिमीटरची एलन की लागते, काहींना इंचाची. जवळपासची चावी 'बसतेय की' म्हणून फिरवली की नटाचे कोपरे गेलेच समजा.

पावसात बेस भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल लागते. बॅगेत सिलिका जेलची पुडकी टाका. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा. आणि घरचे प्रेमाने सुचवतील ते खोबरेल तेल नेकला अजिबात लावू नका! ते खवट होतं आणि चिकटतं. गडद, पॉलिश न केलेल्या फिंगरबोर्डला वर्षातून एक-दोनदा लेमन ऑइलचे थेंब पुरतात. हे गडद लाकूड बऱ्याचदा आपलं शिसवीच असतं. २०१७ मध्ये शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक नियम आले (तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली), तेव्हा काही कंपन्यांनी स्वस्त मॉडेलवर 'इंडियन लॉरेल' लावायला सुरुवात केली. नाव भारी आहे, पण हा म्हणजे आपला सह्याद्रीतला ऐन. ट्रेकला जाताना ज्याच्या सावलीत डबा खाल्ला, तो अमेरिकन ब्रँडच्या नेकवर बसलाय!

घूंऽऽऽ

राहिला आवाजाचा प्रश्न. पॉट फिरवताना खरखर होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून पॉट वीसेकदा फिरवा, बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं. वायर हलवली की आवाज येतो-जातो? जॅकचा नट ढिला आहे किंवा सोल्डर सुटलंय. पॉट, जॅक, तांब्याची चिकटपट्टी, सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं, आणि सोल्डर लावायला आपला गाळा आहेच.

पण ती सतत चालणारी घूंऽऽऽ? आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. बेसच्या सगळ्यात जाड तारेवरचा तिसरा फ्रेट, म्हणजे जी, वाजतो ४९ हर्ट्झला. गिटारवाल्याला ही घरघर निदान आपल्या सुरांपासून वेगळी ऐकू येते, आपल्याला ती आपल्याच सुराच्या शेजारी बसलेली सापडते. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर बेसची अर्थिंग वायर ठीक आहे, आतल्या खाचांना तांब्याची पट्टी चिकटवून फरक पडेल. हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर मात्र बेस ताबडतोब खाली ठेवा आणि अॅम्पचं बटण बंद करा. दोष घराच्या किंवा अॅम्पच्या अर्थिंगमध्ये आहे. भाड्याच्या जुन्या खोल्यांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावा. तोपर्यंत बॅटरीवर चालणारा छोटा हेडफोन अॅम्प वापरा. शेजारचे आजोबाही खूश राहतात.

आणि तारा. नवा सेट दीड-दोन हजारांपासून पुढे. आवाज मेला की बरेच जण जुन्या तारा पातेल्यात दहा मिनिटं उकळतात, पुसून पूर्ण वाळवतात आणि परत चढवतात. मळ निघतो, चमक महिनाभर तरी परत येते. फक्त पातेलं वेगळं ठेवा. आमच्या ड्रमरने मॅगीचं वापरलं होतं.