यवतमाळ जिल्ह्यातील बांधकाम व्यवसाय आणि युवा कारागीर

प्रस्तावना :
कोरडवाहू कापूस हा यवतमाळ जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेचा पाया आहे. शेतीचे उत्पन्न अनिश्चित असल्याने ग्रामीण युवकांना बांधकाम हा जवळचा पर्याय ठरतो. घरकुले, रस्ते आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग यांमुळे कामही उपलब्ध होते. तथापि, कामावर आलेला युवक अनेकदा कारागीर होण्यापूर्वीच ते सोडतो. याचे कारण केवळ मजुरीत नसून व्यवसायाच्या रचनेत आहे.

कौशल्याची नोंद :
बिगारी, अर्धा कारागीर आणि मिस्त्री या पायऱ्या प्रामुख्याने पाहून व करूनच चढल्या जातात. ओळंबा साधणे, सेंट्रिंगची पातळी राखणे, पावसात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या मातीत पाया घेणे, हे ज्ञान दीर्घ सरावाने येते. परंतु त्याचा लेखी पुरावा राहत नाही. ठेकेदार बदलला की ठिय्यावर तोच युवक पुन्हा बिगारी ठरतो. रेजा म्हणून काम करणाऱ्या स्त्रियांच्या हाती तर थापी क्वचितच येते.

उपलब्ध व्यवस्था व उणिवा :
औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे अभ्यासक्रम पूर्णवेळ असतात. रोजच्या मजुरीवर घर चालविणाऱ्यास ते परवडत नाहीत. 2023 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत गवंडीकामाचा समावेश असून प्रशिक्षणकाळात विद्यावेतन व नंतर प्रमाणपत्र मिळते. मात्र ती स्वयंरोजगारित कारागिरासाठी आहे, नवशिक्या बिगाऱ्यासाठी नाही.

कल्याणकारी मंडळाकडील नोंदणीसाठी वय 18 ते 60 वर्षे आणि मागील 12 महिन्यांत किमान 90 दिवस बांधकाम ही अट 1996 च्या कायद्यात होती. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्येही ती कायम आहे. पेरणी व कापूस वेचणीसाठी गावी परतणाऱ्या युवकाचे हे दिवस अनेक ठेकेदारांकडे विखुरले जातात. काम प्रत्यक्ष केलेले असते. सिद्ध करणे कठीण होते.

निष्कर्ष :
युवकास या व्यवसायात आणण्यास रोजची मजुरी पुरेशी आहे. टिकविण्यास मात्र केलेले काम त्याच्या नावावर जमा होणे आवश्यक आहे. प्रत्येक ठेकेदाराने दिवस व कामाचा प्रकार नोंदविलेली पुस्तिका, शेतीच्या हंगामाबाहेर सशुल्क नव्हे तर विद्यावेतनासह अल्पकालीन प्रशिक्षण आणि स्त्रियांना गवंडीकामात प्रवेश, ही त्यासाठीची पहिली पावले ठरतील. अन्यथा जुने मिस्त्री निवृत्त होतील आणि त्यांचे कसब त्यांच्याबरोबरच संपेल.